अक्पालूंचे देणे

माझ्या आजीच्या धाकट्या बहिणीला आम्ही मुले मावशीआजी म्हणत असू. गावात कुणाच्या घरी मयत झाली की पहिला निरोप तिला जाई. तिला रडता येते, असे लोक म्हणत, आणि त्या म्हणण्यात कुचेष्टा नसे, आदर असे. रडू सगळ्यांनाच येते, पण मावशीआजी उंबऱ्याशी पोचताच पदर तोंडाला लावी आणि हेल काढून, गेलेल्या माणसाला थेट एकेरीत हाक मारून बोलू लागे. त्याने बांधावर लावलेले आंब्याचे झाड, कुणाच्या अडीनडीला दिलेली बैलजोडी, लेकीच्या लग्नात काढलेले कर्ज, सारे तिच्या बोलण्यात येई. अखेरीस ती त्याच्याजवळ निरोप देई. आधी गेलेल्यांची नावे घेऊन ती सांगे, आता चाललाच आहेस तर त्यांना भेट आणि इकडे आमचे काय चालले आहे ते कळव. लहानपणी मला त्या निरोपांची भीती वाटत असे, कारण ते ज्यांना धाडले जात ती माणसे फार जवळ, अगदी पडवीच्या पलीकडे उभी असावीत, असे तिच्या आवाजावरून वाटे.

पुढे एम.ए.च्या वर्गात असताना आफ्रिकेतील इंग्रजी कवितेचे एक संकलन हाती आले आणि त्यात घानाच्या एका कवीची शोकगीतांविषयीची कविता होती. कवीचे नाव छापले होते जॉर्ज अवूनोर-विल्यम्स. त्या कवितेतला माणूस म्हणतो की नशिबाने त्याला रानातल्या काट्याकुट्यांत आणून सोडले आहे, मागे फिरणे शक्य नाही आणि पुढे जाणे फार अवघड आहे. या जगाचे व्यवहार सरड्याच्या विष्ठेसारखे आहेत, पाय पडला की कितीही पुसा, ती निघत नाही. इकडे वळावे तर पावसाचा मार, तिकडे वळावे तर उन्हाचा चटका. कवितेच्या पुढल्या भागात तो आगोसू नावाच्या कुणाला तरी सांगतो की तू जाशील तेव्हा न्यिडेवू, क्पेटी आणि कोवे यांना आमचा निरोप दे, त्यांचे घर पडायला आले आहे, कुंपणाची झाडे वाळवीने खाल्ली आहेत, आम्ही इथे माती खात असताना ते तिथे स्वस्थ का बसले आहेत ते विचार. मी पुस्तक मिटून बाजूला ठेवले. वर्गात या कवितेवर जे टिपण आम्हाला उतरवून दिले गेले त्यात वसाहतवाद, विस्थापन आणि ओळखीचा प्रश्न असे शब्द होते, आणि ते चुकीचे नव्हते. पण मला त्या ओळींत मावशीआजीचा आवाज ऐकू आला होता, आणि टिपणात त्याला जागा नव्हती.

हा कवी म्हणजे पुढे कोफी अवूनोर या नावाने ओळखले गेलेले कवी, कादंबरीकार आणि साहित्याचे अभ्यासक. त्यांचा जन्म १३ मार्च १९३५ रोजी तेव्हाच्या गोल्ड कोस्टमधील, म्हणजे आजच्या घानामधील, वेटा या गावी झाला. केटा शहराभोवतीचा हा प्रदेश अन्लो लोकांचा, म्हणजे एवे भाषा बोलणाऱ्यांतल्या एका शाखेचा. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला विस्तीर्ण खाजण आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी, अशी तिथली रचना. समुद्र ही पट्टी पिढ्यान्‌पिढ्या खात आला आहे. घरे, रस्ते आणि डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी अठराव्या शतकात बांधलेल्या किल्ल्याचा काही भागही त्याने गिळला. अवूनोर यांच्या एका कवितेत समुद्र मध्यरात्री येतो, भिंती पाडतो, कोंबड्या, रांधायची भांडी आणि डाव वाहून नेतो. जिथे चूल होती तिथे आकू नावाची बाई थंडीने कुडकुडणाऱ्या दोन पोरांना घेऊन, छातीवर हात ठेवून रडत उभी राहते, तर आडेना नावाच्या दुसरीचे लग्नातले दागिने लाटेबरोबर जातात. कविता आपत्तीविषयी मोठे काही बोलत नाही. ती भांड्यांची आणि डावांची नोंद ठेवते, आणि त्या बायांना त्यांच्या नावांनी ओळखते. ही सवय अवूनोर यांना पुस्तकांतून लागली नव्हती. त्यांची आजी शोकगीते गाणारी होती आणि लहानपणी कानावर पडलेल्या त्या गाण्यांतूनच आपली कविता आली, हे त्यांनी आयुष्यभर मोकळेपणाने सांगितले.

शिक्षण मात्र त्या काळातील हुशार मुलाचे होते तसे, म्हणजे इंग्रजी वळणाचे झाले. अचिमोटा येथील नावाजलेली शाळा, नंतर लेगॉनचे विद्यापीठ, आणि १९६० मध्ये पदवी. घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला होता. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत ब्रिटिशांच्या हातून सुटलेला तो पहिला देश, आणि क्वामे एन्क्रुमा यांच्या नेतृत्वाखाली आपल्याच हाताने सारे नव्याने उभारायचे आहे या भावनेने तिथली तरुण पिढी भारलेली होती. अवूनोर यांनी आफ्रिकी साहित्य शिकवले, ‘ओक्येआमे’ या वाङ्‌मयीन नियतकालिकाचे संपादन केले, घाना फिल्म कॉर्पोरेशनची धुरा सांभाळली. ओक्येआमे म्हणजे अकान राजांच्या दरबारातला तो मानकरी, जो राजाचे बोलणे लोकांपर्यंत आणि लोकांचे राजापर्यंत पोचवतो. शोकगीतांची ती कविता जिथे आम्हाला बोलवत नाही, कुणीतरी आमच्या वतीने सांगा, अशी विनवणी करते, तिथे मला या शब्दाची हटकून आठवण होते.

१९६४ मध्ये नायजेरियातील इबादानच्या म्बारी प्रकाशनाने त्यांचा पहिला संग्रह काढला आणि त्यातली एक कविता मराठी वाचकासमोर ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे सुगरण म्हटले की बहिणाबाईंचा झाडाला टांगलेला खोपा आठवतो, पिलांसाठी झुलता बंगला बांधणारी आई आठवते. अवूनोर यांच्या कवितेतही सुगरणीच्याच कुळातला पक्षी येतो, घरातल्या एकुलत्या एका झाडावर घरटे बांधतो, अंडी घालतो, आणि घरची माणसे त्याला हाकलत नाहीत, उलट कौतुकाने त्याचे बांधकाम पाहत राहतात. मग तोच पक्षी मालकाच्या रूपात परत येतो आणि ज्यांचे घर आहे त्यांनाच मोक्षाचा उपदेश करू लागतो. घरच्यांना त्याच्या प्रार्थनेत सामील होता येत नाही. ते रोज नवी घरे शोधतात, आणि पक्ष्याच्या विष्ठेने विटाळलेली जुनी देवस्थाने पुन्हा उभी करण्याची धडपड करतात. पाहुणा म्हणून आलेला मिशनरी आणि व्यापारी मालक कसा झाला, याचा इतिहास ग्रंथांतून वाचता येतो, पण त्या माणसांनी त्याला येऊ का दिले याचे उत्तर मला या लहानशा कवितेत मिळाले: घरटे बांधताना पाहणे त्यांना आवडले होते. आपण दुष्टाव्याला बळी पडलो एवढेच म्हणून ही कविता थांबत नाही, आपले आतिथ्यही ती तपासून पाहते, आणि म्हणून ती मला त्या काळातील अनेक संतप्त कवितांपेक्षा अधिक खरी वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शोकगीतांच्या त्या कवितेतील कित्येक ओळी अवूनोर यांच्या स्वतःच्या नव्हत्या. त्या अक्पालू यांच्या होत्या. हेनोगा विनोको अक्पालू हे केटाच्या खाजणाकाठच्या अन्याको गावचे गीतकार, अन्लो शोकगीताला स्वतःचे वळण देणारे, आणि त्यांची गाणी त्या मुलखातील प्रत्येक मर्तिकाला गायिली जात. आपल्याला कुणी नाही, आपल्या पश्चात आपल्यासाठी रडणार कोण, ही एकाकीपणाची व्यथा त्यांच्या गाण्यांतून पुन्हा पुन्हा येते. अवूनोर यांनी सुरुवातीच्या कवितांत या गाण्यांतली वाक्ये, प्रतिमा, कधी कडवीच्या कडवी इंग्रजीत आणली, आणि पुढे अभ्यासकांनी ओळीला ओळ जुळवून ते दाखवूनही दिले. याला उचलेगिरी म्हणावे का, असा प्रश्न पुस्तकी परंपरेत वाढलेल्या माणसाला पडणे स्वाभाविक आहे, आणि मलाही तो पडला होता.

त्याचे उत्तर मी मावशीआजीच्या आधाराने शोधले. तिची वाक्ये तिची होती का? काही तिच्या आईची होती, काही माहेरच्या गावातल्या कुणा म्हातारीची, आणि त्यात गेलेल्या माणसाचे आंब्याचे झाड तेवढे नवे असे. शोकगीताची वाक्ये वापरण्यासाठीच असतात. ती तशीच्या तशी उचलून आपल्या दुःखाला लावणे हीच त्यांची राखण असते. पण गावात हे चालते, कारण तिथे ऐकणाऱ्या प्रत्येकाला मूळ गाणे कुणाचे ते ठाऊक असते. अन्याकोच्या अंगणात अक्पालूंचे नाव सांगण्याची गरज नव्हती. तीच ओळ छापील पुस्तकात गेली, लंडनच्या किंवा पुण्याच्या वर्गात पोचली, की तिच्यावरचे नाव गळून पडते आणि वर छापलेल्या कवीचे नाव तेवढे उरते. मी तरी ती कविता वाचली तेव्हा अक्पालू हे नाव ऐकलेही नव्हते. अवूनोर यांच्या विद्वत्तेला मी जो मान देतो तो इथून सुरू होतो, कारण हा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला आणि फेडला.

२४ फेब्रुवारी १९६६ रोजी लष्कराने एन्क्रुमांची सत्ता उलथली. अवूनोर देशाबाहेर गेले, १९६८ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.ए. झाले, मग अमेरिकेत न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या स्टोनी ब्रूक येथील विभागात शिकले आणि शिकवू लागले. तिथे १९७२ मध्ये तौलनिक साहित्यात डॉक्टरेट मिळवली. याच काळात त्यांनी नावातले जॉर्ज आणि विल्यम्स गाळले. १९७१ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली, जिचा नायक राजधानी आक्रामधील एक वकील आहे आणि स्वतंत्र देशातली घाण पाहता पाहता ज्याचे मन ढासळत जाते. ती वाचायला सोपी नाही, पण पदवी आणि प्रतिष्ठा मिळवूनही आपल्याच गावात परका झालेला तो माणूस विसरता येत नाही. १९७५ मध्ये आफ्रिकेच्या इतिहासाचा, संस्कृतीचा आणि साहित्याचा वेध घेणारा त्यांचा मोठा समीक्षाग्रंथ प्रसिद्ध झाला. इंग्रजी आणि फ्रेंच पुस्तकांपासून आफ्रिकी साहित्याची गोष्ट सुरू करण्याची पद्धत त्यांनी त्यात मोडली आणि तोंडी परंपरा व देशी भाषा यांना पाया मानले.

मला मात्र या सगळ्यांहून १९७४ मधले लहान पुस्तक मोलाचे वाटते. त्यात अवूनोर यांनी तीन एवे कवी समोर बसवले आहेत: अक्पालू, आमेगा डुन्यो आणि कोमी एक्पे. तिघांचीही गाणी इंग्रजीत आणली, त्यांची ओळख करून दिली, आणि प्रत्येकाच्या गाण्यावर त्याचे त्याचे नाव घातले. पदवीधर पंडित लोकवाङ्‌मय गोळा करतात तेव्हा गाणारा बहुधा ‘एक वृद्ध’ किंवा ‘एक स्त्री’ होऊन तळटीपेत जातो. इथे तसे घडले नाही. पवित्र शब्दाचे राखणदार अशी पदवी देऊन त्यांना कवी म्हणूनच उभे केले गेले. एवे गीतकारांची श्रद्धा अशी की गाण्याचा एक देव असतो आणि तो ज्याला धरतो त्यालाच गाणी सुचतात. अवूनोर यांनी ही श्रद्धाही नोंदवली, आणि ती भोळसट आहे असे वाचकाला सुचवले नाही. या पुस्तकात हालो नावाचा प्रकारही येतो, ज्यात दोन वस्त्यांचे कवी एकमेकांवर शिव्याशापांची गाणी रचून तुटून पडतात. कलगी-तुऱ्याचे झगडे ऐकलेल्या आपल्या माणसाला त्यातली चुरस समजावून सांगावी लागणार नाही. आधी ज्यांच्याकडून ओळी घेतल्या त्यांच्याकडे पुन्हा जाऊन, त्यांचे ऐकून, ते त्यांच्या नावाने जगासमोर ठेवणे, हे एका कवीने अभ्यासक होण्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत सुंदर कारण आहे.

१९७५ मध्ये ते घानात परतले आणि केप कोस्ट विद्यापीठात इंग्रजी विभागाचे प्रमुख झाले. वर्षअखेरीस, ३१ डिसेंबरला, त्यांना अटक झाली. लष्करी राजवट उलथण्याचा कट रचल्याचा आरोप असलेल्या एका अधिकाऱ्याला मदत केल्याचा ठपका त्यांच्यावर होता. अनेक महिने त्यांना खटल्याविना आक्राच्या अशर किल्ल्यात डांबून ठेवले गेले. सतराव्या शतकात डचांनी बांधलेला हा समुद्रकाठचा किल्ला एके काळी गुलामांच्या व्यापारात वापरला गेला होता. पुढे दोषी ठरवूनही ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांची सुटका झाली. त्या दिवसांतून आलेल्या कवितांचा संग्रह १९७८ मध्ये निघाला, आणि त्याच्या नावातच समुद्राकाठचे घर आहे. केटाच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला भिंतीपलीकडून तोच समुद्र ऐकू येत असणार. पहिल्या संग्रहातील आवाज वंशजाचा होता, पूर्वजांकडे तक्रार करणारा. या संग्रहातील आवाज नागरिकाचा आहे, आणि त्याची भाषा अधिक उघडी, अधिक रोखठोक झालेली आहे. काव्य म्हणून मला पहिलाच आवाज प्रिय आहे, पण दुसऱ्यामागची किंमत मोठी आहे.

त्यानंतरच्या त्यांच्या सार्वजनिक आयुष्यापाशी मी अडखळतो, आणि ते लपवावेसे वाटत नाही. ३१ डिसेंबर १९८१ रोजी जेरी रॉलिंग्ज यांनी लष्करी उठावाने सत्ता घेतली आणि अवूनोर त्या राजवटीच्या बाजूने उभे राहिले. ते ब्राझीलमध्ये आणि नंतर क्यूबात घानाचे राजदूत होते, आणि १९९० ते १९९४ या काळात संयुक्त राष्ट्रांत देशाचे स्थायी प्रतिनिधी. तिथे वर्णभेदविरोधी विशेष समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, आणि दक्षिण आफ्रिकेतील ती व्यवस्था कोसळताना ते त्या जागी होते, ही गोष्ट अभिमानाची आहे. पण ज्याने लष्करी राजवटीची कोठडी भोगली त्याने दुसऱ्या लष्करी राजवटीचा वकील व्हावे, याचा उलगडा मला पूर्णपणे होत नाही. एन्क्रुमांच्या काळी पाहिलेले स्वप्न आता तरी पुरे होईल अशी आशा त्यांना वाटली असावी, असे त्यांच्या राजकीय लेखनाच्या ओढ्यावरून मी समजतो. पुढे २००९ पासून जानेवारी २०१३ पर्यंत ते राष्ट्राध्यक्षांना सल्ला देणाऱ्या राज्यपरिषदेचे अध्यक्ष होते. या वर्षांत कविता थांबली नव्हती, पण ती मागच्या बाकावर गेली होती.

सप्टेंबर २०१३ मध्ये ते आपला मुलगा आफेट्सी याच्यासह नैरोबीच्या साहित्य महोत्सवासाठी केनियात गेले. २१ तारखेला, शनिवारी, दोघे वेस्टगेट या मॉलमध्ये होते. वरच्या वाहनतळावर मुलांची पाककलेची स्पर्धा चालू होती, आणि नैरोबीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कितीतरी भारतीय वंशाची कुटुंबे तिथे आलेली होती. सोमालियातील अल-शबाब या दहशतवादी संघटनेच्या बंदूकधाऱ्यांनी केलेल्या त्या हल्ल्यात ६७ माणसे मारली गेली. अवूनोर त्यांपैकी एक. मुलाला गोळी लागली, तो वाचला. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, परक्या देशात, कवितांच्या महोत्सवाला आलेल्या या माणसाचा मृत्यू बाजारहाटाच्या ठिकाणी झाला. मी ती बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा त्या जुन्या कवितेतील न्यिडेवू हे नाव आठवले. कवीच्या संपूर्ण नावातही ते होते: कोफी न्यिडेवू अवूनोर. ज्या पूर्वजाला इतक्या तक्रारीने निरोप धाडला होता त्याचेच नाव ते जन्मभर वागवत आले होते.

पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, त्यांच्या निवडक आणि नव्या कवितांचा संग्रह अमेरिकेत प्रसिद्ध झाला. कवितांची निवड करून प्रस्तावना लिहिली होती कोफी अन्यिडोहो यांनी. तेही एवे भाषेतले आणि इंग्रजीतले कवी, लेगॉनचे प्राध्यापक, तोंडी काव्याचे अभ्यासक, आणि गीतकारांच्या घरातले. त्यांचेही जन्मगाव वेटा.

मावशीआजी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तिच्या मर्तिकाला शब्द लावून रडणारी कुणी उरली नव्हती, बाया मुक्याने रडल्या. तिच्या वाक्यांपैकी मला एकच धड आठवते, आणि तेही तिने स्वतःच्या भावाच्या पायाशी बसून म्हटलेले: “जातूस तर माज्या बयेला सांग, औंदा गाय याली, खरवस वाटला साऱ्या आळीला, तुज्या वाट्याचा शिक्क्यावर ठिवलाय.”